टायर किंचाळतात म्हणून बदलायचे का?

एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. दोनशेच्या आसपास हॉर्सपॉवरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह, तीच रोज ऑफिसला आणि मुलांना शाळेत सोडायला. वर्षभरात तीन ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी जोरात चालवायचा दिवस) झाले, तिन्ही गाडीसोबत आलेल्या टायरवरच. तिसऱ्या-चौथ्या लॅपपासून टायर किंचाळायला लागतात, वळणात स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच पळते, पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा पार घासल्यात, आणि सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे निम्म्या पॉवरची एक जुनी छोटी गाडी प्रत्येक सेशनमध्ये त्यांना मागे टाकून जाते. ट्रॅकवरचा एक मित्र म्हणतो सेमी-स्लिक (नावापुरत्या खाचा असलेले चिकट टायर) टाक, सगळे प्रश्न सुटतील, शिवाय त्याच्याकडे वापरलेल्या स्लिकचा (अजिबात खाचा नसलेल्या, फक्त ट्रॅकच्या टायरचा) एक सेट पडून आहे तोही द्यायला तयार आहे. बायको म्हणते असले टायर घालून पावसात मुलांना न्यायचं नाही. प्रश्न असा: सगळ्यात जास्त ग्रिप देणारा टायर कोणता, ट्रेडवेअरचा (टायरवर लिहिलेला झिजेचा) आकडा जितका कमी तितका टायर चांगला हे बरोबर ना, आणि जोडीला एक साइझ रुंद टाकू का?

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'नाचता येईना अंगण वाकडं' असंच मनात आलं, पण परत वाचलं तेव्हा वाटलं की नाही, तुमचं अंगण खरंच थोडं वाकडं आहे. फक्त ते टायरमुळे किती आणि बाकी कशामुळे किती हे अजून तुम्हालाही माहीत नाहीये आणि तुमच्या मित्रालाही नाहीये, आणि ते कळायच्या आत पैसे खर्च करायला निघालाय म्हणून जरा थांबवतोय.

त्या जुन्या गाडीपासून सुरुवात करू, कारण खरं दुखणं तिथे आहे. ती हलकी असणार. तुमची गाडी तिच्यापेक्षा दोन-तीनशे किलोने जड असेल तर प्रत्येक ब्रेकिंगला आणि प्रत्येक वळणाला तेवढं जास्तीचं वजन तुमच्या पुढच्या दोन टायरवर येतं, आणि फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये त्याच दोन टायरना वळायचंही आहे, गाडी ओढायचीही आहे आणि ब्रेकिंगचं बहुतेक कामही करायचंय. मागचे दोन बिचारे जवळजवळ पाहुणे. म्हणजे तुमचे पुढचे टायर तिसऱ्या-चौथ्या लॅपला तापतात यात नवल काही नाही, पण ते इतक्या लवकर का तापतात हा प्रश्न उरतो, आणि त्याचं अर्धं उत्तर बहुतेक तुमच्या उजव्या पायात आहे. वळणात उशिरा ब्रेक मारत शिरायचं, गाडीचं नाक बाहेर जायला लागलं की अजून स्टिअरिंग फिरवायचं, मग गाडी पुरती सरळ व्हायच्या आत ॲक्सिलरेटर दाबायचा, हे आपण सगळ्यांनी केलंय. टायरकडे एकूण जेवढी पकड असते ती वळणं आणि ओढणं दोघांत वाटली जाते, दोन्ही शंभर टक्के मागितलं की टायर नुसता घासतो आणि तापतो.

हे खरं की खोटं ते तपासायला खर्च जवळपास नाही. पुढच्या ट्रॅक डेला एखाद्या इन्स्ट्रक्टरला तुमच्या गाडीत, तुमच्याच टायरवर, चार लॅप मारायला सांगा आणि तुम्ही शेजारी बसा. तो आवाज कमी काढून तुमच्यापेक्षा जलद गेला तर टायर खरेदी सहा महिने पुढे ढकला. त्याचीही गाडी तशीच सरळ पळाली तर मग टायर, हवा आणि अलाइनमेंटकडे वळू. माझा अंदाज आहे की थोडं थोडं दोन्ही निघेल.

आता किंचाळणं. टायर किंचाळला म्हणजे तो हरला असं नसतं. वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो आणि गाडी प्रत्यक्षात ज्या दिशेला जाते त्यात काही अंशांचा फरक असतोच, त्याला स्लिप अँगल म्हणतात, आणि सगळ्यात जास्त पकड तो फरक थोडा असतानाच मिळते, शून्य असताना नाही. त्या वेळी रबराचे ठोकळे धरतात-सुटतात-धरतात, त्याचा आवाज येतो. बारीक, एकसुरी कुंईऽऽ असा आवाज म्हणजे तुम्ही मर्यादेच्या जवळ आहात, चांगलं चाललंय. तोच चढत जाऊन कर्कश झाला की मर्यादा ओलांडलीत. साधा रोडचा टायर हे सगळं आधी ओरडून सांगतो आणि मग हळूहळू सुटतो. सेमी-स्लिक कमी बोलतो आणि सुटतो तेव्हा बऱ्यापैकी अचानक सुटतो, तेही जास्त वेगाला. मी पहिल्याच वर्षी तुमच्यासारखाच उतावीळपणा करून सेमी-स्लिक घातले होते आणि एका थंडीच्या सकाळी पहिल्याच लॅपला, टायर गार असताना, गाडी आपल्याभोवती एक पूर्ण गिरकी घेऊन गवतात जाऊन उभी राहिली. टायरने सूचना काहीच दिली नाही. म्हणजे दिली असेल, मला ती भाषा तेव्हा येत नव्हती.

पत्रात एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीये आणि मला सगळ्यात जास्त तीच हवी होती: हवा किती भरता? बहुतेक जण दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे गार टायरमध्ये हवा भरतात आणि तसेच ट्रॅकवर जातात. साधारण दर सहा अंश तापमानाला एक पीएसआय वाढतं असं धरा. सकाळी २५ अंशाला ३३ भरली आणि आतली हवा ७० अंशाला गेली की तेच प्रेशर ४० पीएसआयच्या आसपास जातं. टायर फुगतो, मधोमध फुगीर होतो, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो, पकड जाते, मग तो अजून घसरतो, अजून तापतो. तिसऱ्या-चौथ्या लॅपची तुमची तक्रार मला बरीचशी इथेच दिसतेय.

तर असं करा. एक बरं प्रेशर गेज घ्या, पंपावरच्या गेजच्या भरवशावर राहू नका. सेशन संपवून पिटमध्ये आल्या आल्या, दोन मिनिटांच्या आत, चारही चाकांचं प्रेशर मोजून लिहून ठेवा. टायर कंपनीने ट्रॅकसाठी गरम प्रेशर दिलं असेल तर तेच धरा, नसेल तर अशा रोडच्या गाडीला गरम असताना ३४ ते ३६ पासून सुरुवात करायला हरकत नाही. जास्तीची हवा सोडा. पुढच्या सेशननंतर परत मोजा, कारण पुन्हा थोडं वाढलेलं असेल, आणि एका बाजूला वळणं जास्त असतील तर त्याच्या उलट बाजूचा पुढचा टायर नेहमी जास्त तापलेला सापडेल. मात्र हवा कमी केली की चांगलं म्हणून अति करू नका, फार कमी हवेत साइडवॉल (टायरची उभी बाजू) मुडपते आणि टायर खांद्यावर, म्हणजे कडेवर, चालायला लागतो. साइडवॉलच्या वरच्या कडेला बऱ्याच टायरवर एक छोटा त्रिकोण असतो, तिथे खडूची आडवी रेघ मारून ट्रॅकवर जा. घासल्याची खूण त्रिकोणापर्यंत आली तर ठीक, त्याच्या खाली उतरली तर हवा कमी आहे, त्याच्या बऱ्याच वर थांबली तर जास्त आहे. आणि हे विसरू नका, घरी निघायच्या आधी टायर गार झाले की हवा परत भरायची, नाहीतर ट्रॅकवर सोडलेली हवा रस्त्यावर २७-२८ दाखवेल आणि तुम्ही मुलांना घेऊन तशीच गाडी चालवाल.

(कुणीतरी नायट्रोजन भरा म्हणेल. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, खरा त्रास हवेतल्या ओलाव्याचा असतो, कोरडी हवा मिळाली की तुमच्या-माझ्यासारख्याला पुरे.)

बाहेरच्या कडा घासण्याचं दुसरं कारण कॅम्बर, म्हणजे समोरून बघितल्यावर दिसणारा चाकाचा कल; वरचं टोक आत झुकलं की निगेटिव्ह. रोडच्या हॅचबॅकला पुढे बहुधा मॅकफर्सन स्ट्रट जातीचं साधं सस्पेन्शन असतं आणि कंपनीकडून निगेटिव्ह कॅम्बर अगदी नावाला मिळतो, फार तर एक अंश. वळणात गाडी कलली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो, आतला निम्मा टायर नुसता सोबतीला. या गाडीवर जगातला सगळ्यात चिकट टायर घातलात तरी तोही कडेनेच मरेल, फक्त जास्त लवकर आणि जास्त पैशात. कॅम्बर बोल्ट किंवा ॲडजस्टेबल टॉप माउंट लावून पुढे दोन ते अडीच अंश निगेटिव्ह मिळाला तर टायरचं आयुष्य आणि वळणातली पकड दोन्ही वाढतात. यावर रस्त्यावर आतली कडा घासेल अशी भीती घालतात, पण ती कडा कॅम्बरपेक्षा चुकलेल्या टो-मुळे (वरून बघितल्यावर चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) जास्त खाल्ली जाते, टो शून्याच्या जवळ ठेवायला सांगा. मला विचाराल तर टायरच्या आधीचा खर्च हा.

आता तुमचा ट्रेडवेअरचा प्रश्न. हे बरोबर आहे का, तर अर्धवट. हा आकडा अमेरिकेच्या यूटीक्यूजी पद्धतीतला आहे. ठरावीक टायरला १०० धरतात, त्याच्या तुलनेत दुसरा टायर रस्त्यावर किती टिकतो ते ७,२०० मैल, म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास, चालवून बघतात आणि त्यावरून आकडा टायर कंपनी स्वतःच देते. म्हणजे हा झीज मोजायचा आकडा आहे, पकड मोजायचा नाही. मऊ रबर लवकर झिजतं आणि जास्त धरतं म्हणून दोघांचा संबंध आहे, पण दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून हा त्याच्यापेक्षा चांगला असं म्हणता येत नाही. शिवाय एक गंमत आहे, बऱ्याच हौशी स्पर्धांच्या नियमात 'ट्रेडवेअर २००च्या खाली चालणार नाही' असं कलम असतं, मग कंपन्या बरोब्बर २०० लिहिलेले टायर काढतात. ब्रिजस्टोन आरई-७१आरएस आणि हँकूक आर-एस४ दोघांवरही २००च लिहिलंय, पण चालवणारे सांगतात की पहिला पटकन तापून पटकन धरतो आणि एखाद्या जलद लॅपला भारी, दुसरा उशिरा जागा होतो पण लांब सेशनमध्ये टिकून राहतो. तोच आकडा, दोन स्वभाव. आणि साइडवॉलवर 'ट्रॅक्शन एए' दिसलं की खूश होऊ नका, ते ओल्या जमिनीवर सरळ रेषेत ब्रेक मारून काढलेलं असतं, वळणाचा त्यात काही संबंध नाही.

मग आहेत तरी काय काय पर्याय. तुमच्या सध्याच्या टायरच्या वरची पायरी म्हणजे मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेन्टल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७ अशा जातीचे रोडचे परफॉर्मन्स टायर. पावसात चांगले, आवाज बेताचा, रोज चालवता येतात, ट्रॅकवर चार-पाच जोरदार लॅप बिनतक्रार देतात आणि मग चिकट-बुळबुळीत व्हायला लागतात, तेव्हा एक लॅप हळू मारून थंड करायचे. त्यावर २००वाले: वर सांगितलेले दोन, योकोहामा निओवा एडी०९, फाल्कन आरटी६६०. कोरड्यात फरक पहिल्याच वळणाला कळतो, ओल्यातही नीट चालवले तर चालतात, पण गार पाणी साचलेला रस्ता आला की जपून, आणि रोजच्या रस्त्यावर आवाज करतात, खडे उडवतात, भराभर झिजतात. त्याच्यावर सेमी-स्लिक, म्हणजे पायलट स्पोर्ट कप २, टोयो आर८८८आर, पिरेली ट्रोफिओ आर वगैरे. रस्त्यावर चालवायची परवानगी असते, पण नक्षी नावापुरती, खाचा उथळ, साचलेलं पाणी बाहेर फेकायला जागाच नाही. त्यात यांना गरम होऊन गार होण्याची प्रत्येक फेरी मोजावी लागते, अशा फेऱ्या झाल्या की रबर कडक होतं, म्हणजे खाचा शिल्लक दिसतात पण पकड गेलेली असते. गाडी महिनाभर ऑफिसला नेऊन तुम्ही हेच आयुष्य सिग्नलला उभं राहून संपवणार. कडक थंडी पडत असेल तर अजून एक, साधारण ७ अंशाच्या खाली उन्हाळी रबर ताठ व्हायला लागतं आणि शून्याच्या बरंच खाली असल्या चिकट कंपाउंडला भेगासुद्धा पडू शकतात, म्हणून ठेवतानाही जपावे लागतात.

तुमच्या बायकोने म्हटलेलं म्हणूनच या सगळ्या पत्रव्यवहारातलं सगळ्यात मुद्द्याचं आहे. तुम्ही ट्रॅकसाठी टायर निवडताय, पण एकच सेट असेल तर त्या टायरचे नव्याण्णव टक्के किलोमीटर रस्त्यावर जाणार, त्यातले काही पावसात, मागच्या सीटवर मुलं असताना. एकच सेट परवडत असेल तर पहिल्या जातीचे घ्या आणि बिलकूल वाईट वाटून घेऊ नका. दुसरा सेट परवडत असेल तर दुसऱ्या रिमवर २००वाले घ्या, गाडीची मागची सीट पाडली की चार चाकं मावतात, जॅक आणि टॉर्क पाना सोबत, ट्रॅकवर पोचून बदलायचे. नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला कसा आणि पहिल्या सेशननंतर परत एकदा तपासा. सेमी-स्लिक मी तुम्हाला आत्ता सांगणार नाही.

ते का, तर पकड वाढली की बाकी सगळ्यावरचा भार वाढतो. जास्त पकड म्हणजे वळणातून बाहेर पडताना वेग जास्त, पुढच्या ब्रेकिंगला पोचताना अजून जास्त, आणि ब्रेकना जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. तुमच्या गाडीत साधं डॉट ४ ब्रेक ऑइल असेल आणि ते दोन वर्षं जुनं, ओलावा शोषलेलं असेल तर ते १५५ अंशाच्या आसपास उकळू शकतं, आणि उकळलं की पेडल थेट खाली जातं. नवीन असताना त्याच प्रकाराची किमान पातळी २३० आहे, बघा किती फरक पडतो. ट्रॅक डेच्या आधी ताजं, जास्त तापमान सोसणारं ब्रेक ऑइल आणि बरे पॅड, हे मी कुठल्याही टायरच्या आधी करीन. बेअरिंग, बुश यांचंही तेच. स्लिकवर लांब वळणात गाडी इतका वेळ बाजूला ओढली जाते की काही इंजिनांत ऑइल सम्पच्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीच्या) एका कडेला जमा होतं आणि पंपाला ऑइलऐवजी हवा मिळते. ट्रॅकवरून बाहेर आल्यावर ब्रेक तापलेले असताना हँडब्रेक लावू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा, हे बहुतेक माहीत असेलच.

रुंद टायरचं: त्याच रिमवर एक साइझ रुंद जातो की नाही ते टायर कंपनीच्या तक्त्यात बघा, प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची हद्द दिलेली असते. त्या हद्दीबाहेर गेलात तर साइडवॉल फुगीर होऊन उलट डुलायला लागते. चाकाचा एकूण व्यास फार बदलला तर एबीएसचा हिशोब चुकतो. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका, ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. स्पीड रेटिंगही तसंच, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किलोमीटर ताशी. तुमच्या केसमध्ये मी साइझ तीच ठेवीन.

आणि फ्रंट व्हील ड्राइव्हवाल्यांची एक आवडती काटकसर असते ती कृपा करून करू नका, नवीन चिकट टायर फक्त पुढे घालायचे आणि मागे जुनेच ठेवायचे. मग पुढचं घट्ट धरतं, मागचं सुटतं, आणि ब्रेक मारत वळणात शिरलात की गाडीची शेपूट तुमच्या पुढे येते. ओल्यात तर विचारूच नका. टायर चारही एकच, आणि पुढचे दुप्पट वेगाने झिजतात म्हणून पुढचे-मागचे फिरवत राहा.

मित्राच्या स्लिकबद्दल. ते रस्त्यावर चालत नाहीत, म्हणजे रिम वेगळे लागणारच. त्यांना चांगलं तापवायला लागणारा भार आणि कॅम्बर तुमच्या गाडीत आत्ता नाही. वापरलेल्या स्लिकवर किती गरम-गार फेऱ्या झाल्यात ते बघून कळत नाही, त्याला विचारा आणि त्याने वही ठेवली नसेल तर उत्तर मिळालं असं समजा. नख रुतवून बघा, रबर लाकडासारखं लागलं तर राहू दे. साइडवॉलवर चार आकडी कोड असेल तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मैत्रीत नाही म्हणणं जड जात असेल तर माझ्याकडे रिम नाहीत म्हणा, ते खरंही आहे.

सध्याच्या टायरचा बाहेरच्या कडेचा भाग खाचेतल्या वेअर बारपर्यंत (झिजेची खूण) घासला असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर त्यावर ट्रॅकवर जायचं नाही, रस्त्यावरही नाही. तेवढं नसेल तर अजून दोन ट्रॅक डे याच टायरवर करा, हवा मोजत, चार लॅप जोरात आणि एक थंड असं. विम्याच्या कागदात ट्रॅकबद्दल काय लिहिलंय तेही मधे वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसीत तो वगळलेला असतो. मग परत लिहा, आणि त्या वेळी चारही चाकांचं गार आणि गरम प्रेशर, आणि खडूची रेघ कुठपर्यंत पुसली ते लिहून पाठवा.